जीएम सॅमन: मंजुरीचा प्रश्न वेगळा, लेबलचा वेगळा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगी सात वर्षांची, माशांची ॲलर्जी निघाली. डॉक्टरांनी चाचण्या करून काही मासे बंद केले आणि सॅमन चालेल असं सांगितलं. मग कुठेतरी वाचलंत की कॅनडात २०१७ साली जनुकीय बदल केलेला (जीएम) सॅमन लेबलशिवाय विकला गेला. आता विचारताय की असा मासा मंजूर कसा होतो, अमेरिकेत त्याला ‘औषध’ म्हणून मंजुरी का दिली, पाकिटावर लिहिणं सक्तीचं का नाही, आणि इथे कॅनडात, मिसिसागातल्या तुमच्या ताटात तो येऊ शकतो का. शिवाय दिवाळीत भारतात घरी गेलात तर तिकडे काय परिस्थिती आहे.

मी सव्वीस वर्षं माशांच्या प्रक्रिया उद्योगात गुणवत्ता तपासणीचं काम करते आहे. पहिली अकरा रत्नागिरीत गेली, कोळंबी आणि म्हाकूल निर्यात करणाऱ्या प्लांटमध्ये. नंतर कॅनडात आले आणि आता आयातदारांसाठी लेबलं आणि लॉटच्या, म्हणजे मालाच्या एकेका खेपेच्या, नोंदी तपासते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे मुलीने काय खावं यावर तुमच्या ॲलर्जी तज्ज्ञांचाच शब्द शेवटचा. पण मासा अंड्यापासून पाकिटापर्यंत कसा जातो आणि वाटेत त्याची ओळख कुठे हरवते, हे मी रोज बघते.

तातडीचं उत्तर आधी. आज तुमच्या ताटात तो मासा येण्याची शक्यता जवळजवळ नाही. तो मासा बाजारात आणणारी एकच कंपनी होती, ॲक्वाबाउंटी. तिने डिसेंबर २०२४ मध्ये मत्स्यशेतीच बंद करत असल्याचं जाहीर केलं. एवढ्या वर्षांच्या वादानंतर तो मासा पैशांअभावी थांबला. पण तुमचा प्रश्न तिथे संपत नाही, कारण त्या माशाने जे दार उघडलं त्यातून पुढचे प्राणी येत आहेत.

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत आणि बहुतेक चर्चांमध्ये हेच होतं. ‘हे खाणं सुरक्षित आहे का’ हा मंजुरीचा प्रश्न. ‘मी काय विकत घेते आहे हे मला कळेल का’ हा लेबलचा. पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं की दुसरा विचारायची गरज नाही, असं नियामक धरून चालतात. मला ते मान्य नाही.

आधी मासा. १९८९ मध्ये कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी अटलांटिक सॅमनमध्ये चिनूक या दुसऱ्या जातीच्या सॅमनचं वाढीच्या संप्रेरकाचं जनुक घातलं. ते जनुक चालू-बंद करणारा तुकडा घेतला ओशन पाउट या माशाकडून. हा वामेसारखा लांबट, बर्फाळ पाण्यातला मासा. साध्या सॅमनमध्ये वाढीचं संप्रेरक ऋतूप्रमाणे कमी-जास्त होतं, या नव्या तुकड्यामुळे ते बारा महिने तयार होत राहतं. त्यामुळे जो मासा विक्रीच्या वजनाला यायला सुमारे तीन वर्षं लागतात, तो १६ ते १८ महिन्यांत तयार होतो. पळून गेला तर नदीत पिल्लावळ वाढू नये म्हणून सगळ्या माद्याच ठेवतात, आणि फलित अंड्यांवर दाब देऊन त्यांच्यात गुणसूत्रांचा तिसरा संच राखतात. असा मासा वांझ असतो. त्याला ट्रिप्लॉइड म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता ‘औषध’ का. अमेरिकेत प्राण्यांसाठी वेगळा जीएम कायदाच नाही. तिथल्या अन्न-औषध कायद्यात औषधाची व्याख्या फार रुंद आहे. माणसाच्या किंवा प्राण्याच्या शरीराच्या रचनेवर वा कार्यावर परिणाम करण्यासाठी वापरलेली वस्तू म्हणजे औषध. एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, २००९ मध्ये ठरवलं की प्राण्यात घातलेला डीएनएचा तुकडा या व्याख्येत बसतो. म्हणजे मासा औषध नव्हे, त्यात घातलेलं जनुक हे ‘प्राण्यासाठीचं नवं औषध’. यात एक फायदा झाला. औषधाला विक्रीआधी परवानगी लागतेच, आणि परवानगी ठरावीक ठिकाणी, ठरावीक पद्धतीने उत्पादन करण्यापुरतीच असते. अंडी कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावर आणि वाढ पनामात, एवढीच मूळ मंजुरी होती. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या टाक्यांसाठी २०१८ मध्ये वेगळी परवानगी घ्यावी लागली.

तोटाही तिथेच आहे. औषधाचा अर्ज कायद्याने गोपनीय असतो. कंपनीने एफडीएशी १९९५ च्या सुमारास प्रक्रिया सुरू केली आणि लोकांसमोर कागद आले ते सप्टेंबर २०१० च्या सल्लागार समितीच्या बैठकीच्या तोंडावर. पंधरा वर्षं जे खाणार त्यांना काही दिसत नव्हतं. औषधाच्या गोळीबाबत ते एक वेळ समजू शकते, डॉक्टर मध्ये असतो. जेवणाच्या ताटाबाबत मला ते पटत नाही. मंजुरी अखेर १९ नोव्हेंबर २०१५ ला मिळाली. कॅनडाने मे २०१६ मध्ये दिली.

तुमच्या मुलीशी थेट जोडलेला भाग आता येतो, तो सावकाश वाचा. माशाच्या ॲलर्जीला बहुतेक वेळा जबाबदार असतं पार्व्हाल्ब्युमिन नावाचं स्नायूतलं प्रथिन. ते साध्या सॅमनमध्ये असतं आणि या सॅमनमध्येही. म्हणून ज्याला सॅमन चालत नाही त्याला हाही चालणार नाही, यात वाद नाही. घातलेल्या जनुकापासून बनणारं संप्रेरक हे सॅमनचंच आहे, आणि एफडीएच्या मूल्यमापनात मांसातलं त्याचं प्रमाण मोजता येण्याच्या मर्यादेखालीच होतं. इथपर्यंत मला अडचण दिसत नाही. प्रश्न असा की, माशातल्या मूळच्या ॲलर्जी आणणाऱ्या प्रथिनांचं प्रमाण या बदलामुळे वाढतं का? यासाठी कंपनीने जी तुलना केली तिच्यात प्रत्येक गटात मासे होते सहा.

सहा. रत्नागिरीत आम्ही कोळंबीच्या एका कंटेनरमधून जंतू तपासणीला याहून जास्त नमुने काढायचो. सहा माशांत मासा-माशातला नैसर्गिक फरकच इतका असतो की त्याखाली छोटा बदल दडून राहू शकतो. एफडीएचा निष्कर्षही त्यामुळे दोन तुकड्यांत आला. वांझ ट्रिप्लॉइड माशाबद्दल म्हटलं की जास्तीचा धोका दिसत नाही. वांझ नसलेल्या, दोन संचांच्या डिप्लॉइड माशाबद्दल म्हटलं की निष्कर्ष काढायला पुरेशी माहितीच नाही. खायला परवानगी फक्त ट्रिप्लॉइडला असल्यामुळे हा प्रश्न बाजूला पडला. पण अंड्यांची खेप पास होण्यासाठीची अट होती किमान ९५ टक्के ट्रिप्लॉइड, शंभर टक्के नव्हे. प्रत्यक्षात खेपा त्याहून बऱ्याच चांगल्या निघत असत. तरी मला वाटतं, तपासणारा माणूस इथे थांबून म्हणाला असता, ‘अजून साठ मासे आणा, मग बोलू.’ हा मासा घातक आहे असं मी म्हणत नाही. मला तसं वाटतही नाही. ‘धोका आढळला नाही’ आणि ‘धोका नाही हे नीट शोधून पाहिलं’ यातल्या अंतराबद्दल मी बोलते आहे.

हे अंतर किती खरं असतं ते एका बैलाने दाखवलं. मिनेसोटातल्या रिकॉम्बिनेटिक्स या कंपनीने जनुक-संपादन करून, म्हणजे जनुकात नेमक्या जागी बदल करून, बिनशिंगी बैल तयार केले. हेतू चांगला होता. डेअरीच्या वासरांची शिंगं डागून काढतात, त्या यातना वाचाव्यात. बदल एवढासाच की काही जातींत निसर्गतः असलेलं बिनशिंगीपणाचं जनुक दुसऱ्या जातीत आणलं. कंपनीचं म्हणणं होतं की ठरवलेला बदल सोडून दुसरं काहीही झालेलं नाही, त्यामुळे औषधासारखी छाननी नको. २०१९ मध्ये एफडीएच्या शास्त्रज्ञांनी त्याच बैलाचा जनुकीय आराखडा पुन्हा पाहिला, तेव्हा त्यात जिवाणूंचा डीएनए सापडला. बदल घडवायला वापरलेलं वाहक प्लास्मिडच, म्हणजे जिवाणूंतल्या डीएनएचं छोटं कडं, आत चिकटून बसलं होतं, प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जनुकांसकट. ते त्याच्या काही वासरांतही उतरलं होतं. ब्राझीलमध्ये अशी जनावरं नेण्याचा बेत होता, तो बारगळला.

इथे कुणी खोटं बोललं असं मी मानत नाही. जे सापडेल अशी अपेक्षा नव्हती ते शोधलंच गेलं नाही. हे मी माझ्या धंद्यात भोगलंय. २००२ च्या सुमारास युरोपने भारतीय कोळंबीत नायट्रोफ्युरान गटातली प्रतिजैविकं शोधायला सुरुवात केली. मी तेव्हा ज्या प्लांटमध्ये होते तिथे साल्मोनेला, वजन, बर्फाचा थर, सगळं काटेकोर तपासलं जायचं. प्रतिजैविकाकडे कुणी बघितलंच नव्हतं. खेप परत आली. आम्हाला वाचवलं ते पेट्यांवरच्या लॉट क्रमांकांनी. कुठल्या दिवशी, कुठल्या तळ्यावरून, कुठल्या पुरवठादाराकडून कोळंबी आली हे रजिस्टरमध्ये होतं, म्हणून दोन तळी बाजूला काढता आली आणि बाकीचा माल वाचला. क्रमांक नसते तर सगळाच माल संशयित ठरला असता आणि खरा दोष कुणालाच सापडला नसता.

लेबलचा आग्रह मी धरते तो या अनुभवातून.

कॅनडाचा नियम असा की पोषणात मोठा फरक पडला असेल किंवा ॲलर्जीसारखा आरोग्याचा मुद्दा असेल तरच लेबलवर सांगणं सक्तीचं. निव्वळ जनुकीय बदल झाला म्हणून नाही. त्यासाठी ऐच्छिक मानक आहे, २००४ पासून. ज्याला लिहायचं त्याने लिहावं. अर्थात कुणी लिहीत नाही. कंपनीने २०१७ च्या उन्हाळ्यात सांगितलं की तिने कॅनडात सुमारे ४.५ टन फिले, म्हणजे काटे काढलेल्या मांसाच्या पट्ट्या, विकले. कुठल्या दुकानात, कुठल्या हॉटेलात, हे ग्राहकाला कधीच कळलं नाही. आता तुमच्यासारख्या आईच्या जागी राहून विचार करा. त्या काळात एखाद्या मुलाला नेहमीचा सॅमन खाऊन अंगावर गांधी उठल्या असत्या, तर डॉक्टरांनी काय विचारलं असतं? ‘काय खाल्लं?’ ‘सॅमन.’ फाइलमध्ये सॅमन लिहिलं गेलं असतं, बस. विक्री सुरू झाल्यावर त्रास झाल्याची एकही तक्रार आली नाही असं जेव्हा सांगतात, तेव्हा मला हे आठवतं. ज्या मालाला नावच नाही त्याच्याविरुद्ध तक्रार येणार कशी?

प्लांटमध्ये काय होतं तेही सांगते. अख्खा मासा बर्फात येतो तेव्हा पेटीवर शेताचं नाव, पकडल्याची तारीख, लॉट, सगळं असतं. कटिंग टेबलावर डोकं जातं, कातडं जातं, काटे चिमट्याने काढतात. वीस मिनिटांनी ट्रेमध्ये नारिंगी मांसाच्या पट्ट्या उरतात आणि कुठली कुठल्या माशाची हे मलाही डोळ्यांनी ओळखता येत नाही. त्या क्षणी ओळख टिकते ती फक्त ट्रेला लावलेल्या चिठ्ठीत. शिफ्ट संपताना अर्धा ट्रे उरला आणि सुपरवायझरने तो पुढच्या लॉटमध्ये ओतला की ती ओळख मेली. लेबलवर लिहिणं सक्तीचं असेल तर त्या ट्रेवर कुणीतरी लक्ष ठेवतं, कारण चूक झाली तर माल परत घ्यावा लागतो. सक्ती नसेल तर कशाला ठेवेल? डीएनए तपासणाऱ्या पीसीआर चाचणीने असा मासा ओळखता येतो, पण ती चाचणी कुठल्या पाकिटावर करायची हे आधी ठाऊक हवं.

अमेरिकेत गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. एफडीएने २०१५ मध्ये हेच म्हटलं की साध्या सॅमनपेक्षा मूलभूत फरक नाही, तेव्हा लेबलची सक्ती करता येत नाही. मग अलास्काच्या सेनेटर लिसा मर्कोव्स्की यांच्या पुढाकाराने काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, लेबलचा निर्णय होईपर्यंत आयातच रोखली. अलास्कात रानटी सॅमनवर हजारो कुटुंबांची पोटं आहेत, त्यामुळे यात धंद्याचाही भाग होता, हे लपवायचं कारण नाही. जुलै २०१६ मध्ये देशभरासाठी जीएम अन्नाचा प्रकटीकरण कायदा आला, मार्च २०१९ मध्ये आयातबंदी उठली, आणि १ जानेवारी २०२२ पासून लेबल सक्तीचं झालं. हा सॅमन सरकारच्या यादीत नावानिशी आहे.

पण त्या कायद्याला भोकं आहेत आणि ती नेमकी प्राण्यांच्या बाजूला आहेत. हॉटेलं-रेस्टॉरंटं कायद्यातून वगळली आहेत. २०२१ मध्ये इंडियानातून निघालेला पहिला माल बहुतांश गेला तो हॉटेलं आणि बाहेर जेवण पुरवणाऱ्यांकडेच. लेबलवर ‘जीएम’ हा लोकांना माहीत असलेला शब्द नाही, ‘बायोइंजिनिअर्ड’ हा नवा शब्द आहे, आणि त्याऐवजी क्यूआर कोड छापण्याचा पर्यायही कायद्याने कंपन्यांना दिला. सगळ्यात मोठं भोक मांसाचं. ज्या पदार्थात मुख्य घटक मांस, कोंबडी किंवा अंडं आहे तो कायद्याबाहेर. म्हणजे सॅमनला लेबल, डुकराच्या चॉपला नाही. ३० एप्रिल २०२५ ला एफडीएने पीआरआरएस या डुकरांच्या रोगाला दाद न देणाऱ्या, जनुक-संपादित डुकराला खाण्यासाठी मंजुरी दिली. रोगाने पिल्लं मरतात, औषधं ओतावी लागतात, ते टळत असेल तर हा बदल मला सॅमनपेक्षा कितीतरी जास्त उपयोगाचा वाटतो. तरीही दुकानात तो ओळखता येणार नाही, हे मला चूकच वाटतं. जपानात २०२१ पासून जनुक-संपादित रेड सी ब्रीम मासा विकला जातो. तिथेही सक्ती नाही, पण विकणारी कंपनी स्वतःहून सांगते आणि लोक विकत घेतात.

लेबलविरुद्धचा युक्तिवाद मी अनेक बैठकांत ऐकलाय: लेबल म्हणजे लोकांना इशारा वाटतो, चांगला माल उगाच बदनाम होतो. यात तथ्य आहे. पण अमेरिकेत दुकानातल्या माशावर देश आणि ‘शेतातला की रानटी’ हे लिहावंच लागतं. शेतातला मासा विषारी आहे म्हणून ते लिहीत नाहीत. लोकांना हवं असतं म्हणून लिहितात, आणि शेतातला सॅमन तरी भरपूर खपतो. शिवाय कुणी धर्मामुळे, कुणी व्रतामुळे, कुणी नदीतल्या रानटी माशाच्या काळजीने नाही म्हणतो. त्यांना कारण सिद्ध करून दाखवायला लावणारे आपण कोण? पर्यावरणाची काळजीही हवेतली नव्हती. नोव्हेंबर २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयाने ठरवलं की मासा निसटून रानात रुजला तर काय होईल याचा एफडीएने पुरेसा विचार केला नाही. मंजुरी मात्र रद्द केली नाही.

भारताबद्दल. अन्न सुरक्षा कायदा २००६ च्या कलम २२ प्रमाणे जीएम अन्न परवानगीशिवाय बनवता, विकता वा आयात करता येत नाही, आणि खाण्यासाठी एकाही जीएम प्राण्याला तिथे मंजुरी नाही. पाकीटबंद जीएम अन्नावर दर्शनी बाजूला वर ‘जीएम’ लिहावं असा नियम १ जानेवारी २०१३ पासून आहे. कागदावर तो कॅनडापेक्षा कडक आहे. पण बीटी कापूस २००२ पासून शेतात आहे आणि सरकीच्या तेलाच्या पिशवीवर तुम्ही ती दोन अक्षरं कधी पाहिलीत? सरकी पेंड खाणाऱ्या म्हशीचं दूध मात्र जीएम नव्हे. हा गोंधळ खूप जणांचा होतो. जीएम चारा खाल्ल्याने जनावर जीएम होत नाही, आणि अमेरिकेचा कायदाही हेच म्हणतो.

मुलीसाठी मी काय करेन ते सांगते. ज्या दिवशी तिने मासा खाल्ला त्या पाकिटाचा फोटो काढून ठेवा, लॉट क्रमांकासकट, कितीही कंटाळा आला तरी. सुट्टा फिले घेताना काउंटरवर विचारा की पेटी दाखवाल का. चांगला विक्रेता दाखवतो. जीएम नकोच असेल तर कॅनडात सेंद्रिय प्रमाणित किंवा रानटी पॅसिफिक सॅमन घ्या, सेंद्रिय मानकात जीएमला मनाई आहे. पण प्रजाती बदलण्याआधी तिच्या डॉक्टरांना विचारा, कारण सॉकाय (पॅसिफिक सॅमनची एक जात) आणि अटलांटिक हे एक नव्हेत.

आणि एक खास आपल्याकडचं. मुंबई-गोव्याच्या हॉटेलांत मेन्यूवर ‘इंडियन सॅमन’ लिहिलेलं असतं तो आपला रावस. रावस सॅमनच्या कुळातला मासाच नाही. ‘सॅमन चालतो’ या भरवशावर तो तिला देऊ नका. निघण्याआधी डॉक्टरांना रावसाचं नाव सांगा, शास्त्रीय नावासह, म्हणजे त्यांना कुठला मासा ते नक्की कळेल: एल्युथेरोनेमा टेट्राडॅक्टिलम.